'हो' म्हणण्याआधी: चर्चमधल्या लग्नाची तयारी कशी करावी

लग्न कॅथलिक चर्चमध्येच करायचं हे ठरलंय, पण चर्च लग्नाबद्दल जे सांगतं ते सगळं पटतंच असं नाही, अशा जोडप्यांसाठी हे लिहितेय. माझे पती आणि मी बऱ्याच वर्षांपासून लग्नाच्या तयारीसाठी लग्न ठरलेल्या मुलामुलींबरोबर बसतो. पूर्वी जोडपी निमूटपणे ऐकून घ्यायची आणि सही करून जायची. आता समोरून थेट प्रश्न येतात. आम्ही आधीपासूनच एकत्र राहतोय, मग चर्चमध्ये वेगळं काय होणार? मूल व्हायलाच हवं का? नाहीच जमलं तर जन्मभर अडकून पडायचं का? असे प्रश्न विचारणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्यांची.

याचं कारण साधं आहे. कॅथलिक लग्न दोघांच्या संमतीवर उभं राहतं. चर्चच्या कायद्याचं, म्हणजे १९८३ च्या कॅनन संहितेचं १०५७ वं कलम सांगतं, की संमतीने लग्न घडतं आणि ती संमती दुसरं कोणीही तुमच्या वतीने देऊ शकत नाही. आईवडील नाही, बिशप नाही, पोपही नाही. लॅटिन, म्हणजे रोमन विधी पाळणाऱ्या परंपरेत वधूवरच एकमेकांना हा संस्कार देतात. फादर ती संमती विचारतात आणि चर्चच्या नावाने स्वीकारतात. पौर्वात्य कॅथलिक परंपरांमध्ये धर्मगुरूचा आशीर्वादही त्याला लागतो. तेव्हा तयारी करायची ती या संमतीची. वरवरचा 'हो' चर्चला नकोय, आणि चर्चच्या कायद्यानेच पाहिलं तर तशा 'हो'ने लग्न होतही नाही.

आधी विधीचा मजकूर मागून घ्या

बहुतेक जोडपी विधीतले शब्द पहिल्यांदा ऐकतात ती थेट वेदीसमोर, सगळ्यांचे डोळे आपल्यावर असताना. तसं करू नका. तारीख पक्की झाली की फादरांकडून तो मजकूर मागून घ्या आणि घरी सावकाश वाचा. शपथेच्या आधी तीन प्रश्न विचारले जातात. तुम्ही कोणाच्या दबावाशिवाय, मनापासून इथे आलात का? जन्मभर एकमेकांवर प्रेम करायला, एकमेकांचा मान राखायला तयार आहात का? देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकारून त्यांना ख्रिस्ताच्या आणि चर्चच्या शिकवणुकीत वाढवाल का? वधूवर वयस्कर असतील तर हा तिसरा प्रश्न गाळता येतो.

आता दोन कोरे कागद घ्या. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून या तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात नाही, 'म्हणजे माझ्यासाठी काय' असं. मग कागद अदलाबदल करून वाचायचे. वाचून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.

हे आम्ही आमच्यासमोरही करून घेतो. एका मुलीने तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'दोन-तीन वर्षांनी, आधी मुलगी झाली तर आवडेल.' मुलाच्या कागदावर होतं, 'मूल नको. तिला माहीत आहे.' तिला माहीत नव्हतं. ती तो कागद उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते बघत राहिली. तो म्हणाला, "मी बोललो होतो की एकदा, गाडीत." बोलला होता, पण तिने ते 'आत्ता नको' असं ऐकलं होतं. त्या दिवशी आम्ही पुढचा विषय घेतलाच नाही. तारीख पुढे गेली, घरच्यांची बोलणी खाल्ली दोघांनी. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यानेच सांगितलं, की त्याला भीती मुलाची नव्हती, आपण आपल्या वडिलांसारखे बाप होऊ याची होती. मग बोलण्यासारखं काहीतरी हाताशी आलं. ते लग्न झालं, उशिरा पण झालं.

'आत्ता नको' आणि 'कधीच नको' यात चर्च मोठा फरक करतं, म्हणून ही गोष्ट एवढी लांबवली. शिक्षण, नोकरी, आजारपण अशा कारणाने मूल पुढे ढकलणं लग्नाच्या आड येत नाही. मात्र मनाशी ठाम ठरवून मुलांची शक्यताच कायमची वगळली, तर संमतीतला गाभ्याचा भाग वगळला जातो आणि कितीही थाटात लागलेलं लग्नही अवैध ठरू शकतं. मूल होत नसणं ही मात्र वेगळी गोष्ट. वंध्यत्व लग्नाला आडवं येत नाही, त्याने लग्न मोडतही नाही. पण ते माहीत असून लग्न व्हावं म्हणून मुद्दाम लपवलं असेल, तर ती फसवणूक, आणि फसवून मिळवलेली संमती टिकत नाही. म्हणून वैद्यकीय गोष्टी, कर्ज, व्यसन, आधीचं नातं, आधीचं मूल हे सगळं लग्नाआधी टेबलावर यायलाच हवं. ऐकणाऱ्याला धक्का बसेल. बसू दे.

'जमलं तर ठीक' हे मनात असेल तर

आजूबाजूला घटस्फोट पाहत वाढलेल्या मुलांच्या मनात हे असतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. आईवडिलांना वेगळं होताना पाहिलेल्या मुलीला 'जन्मभर' म्हणताना घसा कोरडा पडणारच. भीती असणं वेगळं आणि मागचं दार उघडं ठेवूनच आत शिरणं वेगळं. 'पाच वर्षं बघू, नाही पटलं तर सोडू' असा निश्चय मनात धरून घेतलेली शपथ चर्चच्या दृष्टीने शपथच नाही. तसंच 'परदेशातली नोकरी मिळाली तरच हे लग्न खरं' अशी भविष्यावर टांगलेली अट घालून लग्न करता येत नाही. ११०२ वं कलम ते स्पष्टच नाकारतं.

येशूला हाच प्रश्न विचारला होता. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, विचारतात, की कोणत्याही कारणावरून बायकोला सोडणं योग्य आहे का. त्या काळात सूटपत्र, म्हणजे बायकोला सोडल्याचा कागद, देणं पुरुषाच्या हातात होतं. येशू मोशेच्या नियमाच्याही मागे, थेट बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभाकडे जातो: ती दोघं एक देह होतील, आणि देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. शिष्यसुद्धा हादरतात आणि म्हणतात, असं असेल तर लग्न न केलेलंच बरं. म्हणजे ही शिकवण आजच्या पिढीलाच जड जाते असं नाही, पहिल्या श्रोत्यांनाही ती जडच गेली होती. हा उतारा दोघांनी मिळून वाचा आणि त्यातलं नेमकं काय घाबरवतं ते एकमेकांना सांगा.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण यावरून बायकांचे फार हाल झालेले मी पाहिलेत. लग्न अतूट आहे याचा अर्थ मार खात राहायचं असा नाही. जोडीदारापासून तुमच्या किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहण्याचा हक्क ११५३ वं कलम देतं, आणि धोका तातडीचा असेल तर आधी परवानगी मागत बसावं लागत नाही. आधी घराबाहेर पडा, पोलीस आणि वकील गाठा, फादरांशी नंतर बोला. मुलांच्या किंवा पोटगीच्या हक्कांसाठी कायदेशीर घटस्फोट हाच मार्ग उरला असेल तर तो घेणं पाप नाही, हे चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात लिहिलेलं आहे. आणि घटस्फोट घेऊन एकटी राहणारी व्यक्ती केवळ घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीला, मुकत नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात.

एकत्र राहत असाल तर

फादरांपासून पत्ता लपवू नका. लग्नाआधीचा शरीरसंबंध चर्चला मान्य नाही, ही शिकवण बदललेली नाही आणि मी ती बदलून सांगणार नाही. पण एकत्र राहणं हा लग्नाला कायद्याचा अडथळा नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयी जे मोठं पत्र लिहिलं, 'अमोरिस लेतित्सिया', त्यात अशा जोडप्यांना हाकलण्याऐवजी धीराने सोबत करत लग्नापर्यंत आणायला सांगितलं आहे. त्याआधी २०१४ आणि २०१५ मध्ये जगभरचे बिशप याच विषयावर दोनदा एकत्र बसले होते. लग्नाआधी काही काळ वेगळं राहणं जमतंय का ते बघा, पापनिवेदन करा, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना विचारा: आत्ता आपण एकत्र आहोत ते सवयीने, भाडं वाचतं म्हणून, की निवड केली म्हणून? एकत्र राहता राहता लग्नापर्यंत घरंगळत आलेली जोडपी या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ घेतात. घेऊ द्या.

गर्भनिरोधाचा विषय निघाला की खोलीत शांतता पसरते, म्हणून तो मीच काढते. पोप पॉल सहावे यांनी १९६८ मध्ये 'ह्युमाने विते' हे पत्र लिहिलं. त्यांच्याच आयोगातल्या बहुसंख्य सदस्यांचं मत शिकवण बदलावी असं होतं, तरी त्यांनी ती कायम ठेवली: प्रत्येक शरीरसंबंध जीवनाला खुला असावा, कृत्रिम साधनांनी तो बंद करू नये. त्याच पत्रात जबाबदार पालकत्वही आहे. किती मुलं, किती अंतराने, हे दोघांनी तब्येत, पैसा, मनःस्थिती पाहून देवासमोर ठरवायचं, आणि योग्य कारण असेल तर स्त्रीच्या चक्रातले वंध्य दिवस पाळून अंतर ठेवायचं. आजारावर उपचार म्हणून घेतलेलं औषध, त्याने गर्भधारणा थांबत असली तरी, या पत्राने वर्ज्य केलेलं नाही. ज्या मुलींना पाळीच्या त्रासावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत त्यांनी विनाकारण अपराधी वाटून घेऊ नये.

नैसर्गिक पद्धत शिकायचीच तर लग्नाच्या आदल्या आठवड्यात शिकू नका. चक्र समजायला काही महिन्यांच्या नोंदी लागतात, रोज सकाळचं तापमान, स्रावातला बदल, दोन्ही. आणि नोंद ठेवण्याचं काम नवऱ्याने करावं असं मी आग्रहाने सांगते. तारखा त्याच्या हाताने लिहिल्या गेल्या की ती पद्धत फक्त बायकोच्या डोक्याला ताप राहत नाही. शिकवण समजूनही पटत नसेल, तर तसं फादरांना सांगा आणि विचार करत राहा. न वाचता झटकून टाकणं तेवढं करू नका.

'पत्नीने पतीच्या अधीन असावे' हे वाचून चिडणाऱ्यांसाठी

बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय लग्नात वाचला जाऊ शकतो आणि मुली त्यावर बोट ठेवतात. वाचन २१ व्या ओवीपासून सुरू करा: ख्रिस्ताच्या आदराखातर एकमेकांच्या अधीन असा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या प्रतिष्ठेवर लिहिताना हेच मांडलं, की हे अधीन असणं दोन्ही बाजूंनी आहे, एकट्या बायकोने करायचं नाही. आणि नवऱ्यांना पौल काय सांगतो ते तर वाचाच. ख्रिस्ताने चर्चसाठी जीव दिला तसं प्रेम करा, असं तो म्हणतो. पुरुषाच्या वाट्याला सोपं काम आलेलं नाही. वधूला 'देऊन टाकण्याचा' कुठलाही विधी लग्नाच्या पुस्तकात नाही, हेही लक्षात असू द्या. ती स्वतःच्या पायाने येते, स्वतःच्या तोंडाने बोलते.

मग घरातली बोलणी करा: पगार कोणाच्या खात्यात, कोणाची बदली झाली तर कोण नोकरी सोडेल, आजारी सासू-सासरे आणि आईवडील यांचं काय. आमच्या अनुभवात तंटे इथेच होतात, धर्मशास्त्रावरून क्वचित.

फादरांसमोरची मुलाखत

लग्नाआधी फादर दोघांशी वेगवेगळं बोलतात आणि उत्तरं फॉर्मवर लिहून घेतात. त्यावर खरं सांगितल्याची सही असते. मुलं याला परीक्षा समजतात आणि 'बरोबर' उत्तरं पाठ करून जातात. खरं तर दरवाजा बंद असताना, घरचं कोणी नसताना 'मला हे लग्न करायचं नाही' म्हणायची ती सुरक्षित जागा आहे. भीतीने किंवा बळजबरीने दिलेली संमती ११०३ व्या कलमाने रद्द आहे. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून, किंवा दिवस गेलेत म्हणून लग्न करत असाल, तर ते तिथेच सांगा. पोटातलं मूल हे घाई करण्याचं कारण नाही, उलट थांबून विचार करण्याचं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो. लहानपणी मिळालेला जुना चालत नाही, कारण आधी लग्न झालं असेल तर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत केली जाते. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, राहिलं असेल आणि फार अडचण नसेल तर करून घ्या. दोन साक्षीदार लागतातच. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले, कारण तोवर गुपचूप लग्न करून नंतर कानावर हात ठेवणारे पुष्कळ होते. काही महिने हातात ठेवून फादरांना भेटा.

जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर आणखी लवकर भेटा. जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर बिशपांची सूट लागते आणि ती नसेल तर लग्न वैध होत नाही. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा असेल तर परवानगी लागते. कॅथलिक व्यक्तीने स्वतःची श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्या परीने सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं. समोरच्याकडून वचन घेत नाहीत, पण त्याला ते माहीत असायलाच हवं. इथे 'नंतर बघू' म्हणून पांघरूण घालू नका. बाप्तिस्मा होणार का, सण कुठले, प्रार्थना कोणत्या, हे आजी-आजोबांनी विचारायच्या आत तुमचं तुम्ही ठरवलेलं असावं.

आधी लग्न झालेलं असेल आणि तो जोडीदार हयात असेल तर पहिला थांबा चर्चचं न्यायालय. तिथे घटस्फोट मिळत नाही. ते लग्न पहिल्या दिवसापासून वैध होतं का, एवढंच तपासतात. ते लग्न वैध होतं या बाजूने बोलायला एक अधिकारी असतो, ही व्यवस्था १७४१ पासूनची. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रक्रिया सोपी केली: पूर्वी दोन न्यायालयांचे एकसारखे निकाल लागत, आता एक पुरतो, आणि पुरावा उघड असेल व दोघांची तयारी असेल तर बिशप स्वतः लवकर निकाल देऊ शकतात. लग्न रद्दबातल ठरलं म्हणून मुलं अनौरस ठरत नाहीत, हे आयांना मी दोनदा सांगते. निकाल हातात येण्याआधी नव्या लग्नाची तारीख मात्र ठरवू नका.

आईवडिलांसाठी

तुमचा मुलगा किंवा मुलगी चर्चमध्ये लग्न करणार नाही म्हणत असेल, तर धमकी देऊन वेदीसमोर उभं करू नका. वर सांगितलंच, दबावाखालचं लग्न चर्चलाच चालत नाही. विचारा, ऐका, तुम्हाला काय वाटतं ते एकदा स्वच्छ सांगा आणि रोजचा फोन बंद करू नका. भाऊ किंवा बहीण समलिंगी जोडीदारासोबत राहते, तिला घरच्या लग्नाला बोलवायचं का, हेही आता विचारलं जातं. लग्न स्त्री आणि पुरुषाचंच, हे चर्च आजही सांगतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा रोमने दिली, तेव्हाही ते लग्नासारखं दिसू नये असं बजावलं. पण या माणसांना आदराने, कळवळ्याने, नाजूकपणे वागवा, हेही चर्चचंच सांगणं आहे. ते तुमच्या पोटचं मूल आहे. बोलवा.

आणि ज्यांनी फक्त सरकारी नोंदणीने लग्न केलं आणि आता चर्चमध्ये यावंसं वाटतंय, त्यांना वाट आहे. संमती नव्याने देऊन ते लग्न चर्चमध्ये वैध करता येतं, साध्या प्रार्थनेत, दोन साक्षीदारांसमोर. जोडीदार चर्चमध्ये पुन्हा शब्द द्यायला तयार नसेल, पण पहिली संमती दोघांचीही कायम असेल, तर बिशपांकडून ते लग्न मुळापासून वैध करून घेण्याचीही सोय आहे. त्यासाठी नोंदणीचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा ताजा दाखला घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात जा आणि फादरांशी बोलायचंय एवढंच सांगा.